अडतीस युनिट

सिस्टरची कचेरी म्हणजे स्वयंपाकघरामागची कोठीची खोली. चार फूट रुंद, सहा फूट लांब, खिडकी नाही. हवेसाठी भिंतीत वर एक भोक होतं, पण त्यात कुणीतरी कधीकाळी वर्तमानपत्र कोंबून ठेवलं होतं आणि ते काढायला घरात कुणाला वेळ नव्हता. साथ आली तसा दवाखान्यातला मधुमेहाचा विभाग बंद झाला, तिथे तापाच्या रुग्णांच्या खाटा पडल्या, आणि त्रेसष्ट जणांची यादी हातात देऊन सिस्टरला घरी पाठवलं गेलं. फोन करायचे, साखर विचारायची, डोस सांगायचा आणि धीर द्यायचा, एवढंच काम. घरी येऊन बघते तर हॉल नवऱ्याच्या मीटिंगांनी अडवलेला, झोपायच्या खोलीत लेकीची शाळा भरलेली, आणि मधल्या खोलीत सासरे आणि त्यांचा टीव्ही ठाण मांडून बसलेले. उरली कोठी. पिंपावर वही, उलट्या डब्यावर सिस्टर, आणि दार घट्ट लावलेलं, कारण तिचा आवाज असा की नवऱ्याच्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, तुमच्या घरी कुणाला इन्सुलिन चालू आहे का.

आवाज चढा असला तरी माणूस कामाचा. अकरा वर्षं तिने हेच केलं होतं. टेबलापलीकडे माणूस बसायचा, सिस्टर इन्सुलिनचं पेन हातात घ्यायची, स्पंजच्या तुकड्यावर टोचून दाखवायची, मग त्याच्याकडून करून घ्यायची. चुकला की रागवायची, जमलं की पाठ थोपटायची. फोनवर पाठ थोपटता येत नाही, त्यामुळे हल्ली रागावणंच जास्त व्हायचं. दिवसभर त्या खोलीत बसून तिचा जीव नुसता घुसमटायचा. बाहेर जायचं तर रस्त्यावर अडथळे, आणि घरात जायचं तर कुणाच्या ना कुणाच्या कॅमेऱ्यासमोर.

यादीत शिंपीकाका नवे होते. वय एकाहत्तर. गोळ्यांनी साखर आवरेना म्हणून डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन लिहून दिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात सगळं बंद झालं. औषधवाल्याचा माणूस पेन आणि सुयांचा डबा दारात ठेवून गेला. घरी काका आणि काकू दोघंच. फोन जुना, तारेचा, त्यात चित्रबित्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा सिस्टरने सगळं तोंडी समजावलं. सुई पेनवर फिरवून घट्ट बसवा, टोपण काढा, आकडा फिरवा, पोटावर सरळ टेकवा, बटण शेवटपर्यंत दाबा, दहा आकडे मोजा. आणि सुईला बोट लावायचं नाही, हे तिने दोनदा बजावलं.

काका हसले होते. म्हणाले, सिस्टर, सुईची भीती मला घालू नका, साठ वर्षं तिच्यावरच पोट भरलंय. सिस्टरही हसली. इतरांकडून ती सगळ्या पायऱ्या परत वदवून घ्यायची, पण शिंप्याला सुई कशी धरायची हे विचारायला तिलाच कसंतरी वाटलं. तिने वहीत बरोबरची खूण केली आणि पुढचा नंबर लावला.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती साथीत वाहून गेली. पेनचा आकडा काका टकटक मोजून लावायचे, यंत्रावरचा साखरेचा आकडा काकू वाचायच्या. काकूंची नजर या वयातही चांगली होती, पण सुई म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडायचे. काका टोचून घेताना त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या आणि झालं अशी हाक आली की आत यायच्या.

पहिले दोन दिवस काका खुशीत होते. म्हणाले, अजिबात दुखत नाही हो, कळतसुद्धा नाही. सिस्टरला बरं वाटलं. नव्या सुया बारीक असतातच, तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, सदऱ्याला जरा ओलं लागतं, दवाखान्यासारखा वास येतो. एखादा थेंब येतोच, काका, ती म्हणाली. तिच्या मागे लेक पाण्याची बाटली मागत उभी होती आणि यादीत अजून सतरा जण बाकी होते.

साखर मात्र उतरेना. तीनशे दहा, तीनशे पंचवीस, तीनशे चाळीस. डॉक्टर तापाच्या वॉर्डात अडकलेले, त्यांना निरोप पाठवला की चार तासांनी तीन शब्द यायचे: दोन युनिट वाढवा. दर दोन-तीन दिवसांनी सिस्टर दोन युनिट वाढवत गेली. दहाचे बारा झाले, वीस झाले, तीस झाले. पाच आठवड्यांत आकडा अडतीसवर गेला आणि साखर जागची हलली नाही.

सिस्टरचा संशय जिथे जायचा तिथे पहिल्याच आठवड्यात गेला होता. अकरा वर्षांत तिने नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. उशीखाली पेढे ठेवणारे पाहिले होते, देवाला दाखवलेलं चालतं म्हणणारे पाहिले होते. काका चोरून खात असणार, याबद्दल तिची खात्रीच पटली.

"काका, मला फसवाल. मशीनला नाही फसवता यायचं."

"मी काही खाल्लेलं नाही, सिस्टर."

रोज हेच. ती विचारायची, ते नाही म्हणायचे. त्यांचा आवाज रोज थोडा बारीक होत गेला. तिने काकूंना फोनवर घेतलं आणि घरात साखरेचा कणही ठेवू नका म्हणून दम भरला. काकूंनी साखर, गूळ, बिस्किटं, मधाची बाटली, सगळं खालच्या पहारेकऱ्याला देऊन टाकलं. जेवण निम्मं केलं. काकू आता सिस्टरच्या बाजूच्या झाल्या होत्या. काका दिवसाला दहा वेळा पाणी पीत होते, कमरेला विजार राहत नव्हती, हे काकूंनी सांगितलंही होतं. एरवी हे ऐकून सिस्टरचे कान उभे राहिले असते. पण एकदा माणूस खोटारडा ठरवला की त्याचं काहीच खरं वाटत नाही, आणि सिस्टरने तर ते केव्हाच ठरवून टाकलं होतं.

बुधवारी सकाळी उपाशीपोटी तीनशे बासष्ट. सिस्टरच्या डोक्यात तिडीक गेली. तिने सरळ विचारलं, टोचून घेता तरी का, की नुसतंच सांगता?

 काका म्हणाले, "मी आयुष्यात कुणाचं वीतभर कापड मारलं नाही."

"काकूंना द्या फोन," सिस्टर म्हणाली.

काकूंना तिने हुकूमच सोडला. उद्या गॅलरीत जायचं नाही. समोर उभं राहून बघायचं, सुई खरंच टोचतात की नाही. नाश्ता निम्मा. काकू म्हणाल्या, सुई बघून मला घेरी येते हो. घेरी आली तर भिंत धरा, सिस्टर म्हणाली, पण बघा.

गुरुवारी काकांचा नंबर यायला साडेअकरा वाजले. कोठीत उकडून निघत होतं. फोन काकूंनी उचलला आणि त्यांचा आवाज कधी नव्हे इतका फुललेला होता. त्या सांगायलाच टपलेल्या होत्या. त्यांनी बघितलं होतं. डोळे मिटले नव्हते, घेरीही आली नव्हती. सकाळी आठला समोर उभं राहून सगळं नीट करून घेतलं होतं.

"आणि यांचं कुठे लक्ष असतं? ते आतलं बारकं टोपण तसंच ठेवून टोचायला निघाले होते. मीच काढलं. मग कशी छान गेली सुई. आज पहिल्यांदा हाय म्हणाले."

सिस्टरच्या हातातलं पेन वहीवर तसंच राहिलं.

आतलं बारकं टोपण. प्रत्येक सुईला दोन टोपणं असतात, बाहेरचं मोठं आणि त्याच्या आत एक नखाएवढं. ती रोज दोन्ही काढायची. अकरा वर्षं तिचे हात दोन्ही काढत होते आणि तोंड म्हणत होतं, टोपण काढा. समोरचा माणूस हातांकडे बघायचा, तोंडाकडे कोण बघतो? फोनवर मात्र फक्त तोंडच पोचलं होतं. पाच आठवडे शिंपीकाका प्लास्टिक पोटावर टेकवून बटण दाबत होते, औषध सदऱ्यावर सांडत होतं, आणि ती डोस वाढवत होती. आणि आज अडतीसच्या अडतीस युनिट, पहिल्यांदाच, निम्म्या नाश्त्यावर, त्या वाळून काटकी झालेल्या अंगात गेली होती. साडेतीन तास झाले होते.

"काका कुठे आहेत?"

"झोपलेत. किती दिवसांनी इतकी गाढ झोप लागलीय. मी म्हटलं, निजू देत."

 सिस्टरने काकूंना आधी त्यांना उठवायला सांगितलं. काकू रिसीव्हर बाजूला ठेवून गेल्या आणि परत आल्या तेव्हा आवाज बदलला होता. अंग घामाने थबथबलंय, हाक मारली की हं म्हणतात, पण डोळे उघडत नाहीत. आपल्या आईला हाक मारताहेत, काकू म्हणाल्या, आई जाऊन तीस वर्षं झाली.

"काकू, साखर आणा. पाण्यात कालवून. पटकन."



"साखर नाही ना घरात," काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतं."

सिस्टर डब्यावरून उठली आणि तिचं डोकं वरच्या फळीवर आपटलं. तिच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर, पाच किलो साखरेचा डबा होता. तिने दार उघडून नवऱ्याला हाक मारली. तो हातानेच मीटिंग चालू असल्याची खूण करत होता, पण बायकोचा चेहरा बघून त्याने लॅपटॉप तसाच सोडला. तिने वहीतल्या पत्त्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्स मागवायला सांगितली. त्याने नंबर लावला, वाट पाहिली, परत लावला. गाड्या सगळ्या तापाच्या पेशंटवर आहेत, दोन तास धरून चाला म्हणताहेत, तो म्हणाला.

दोन तास काकांकडे नव्हते. हे सिस्टरला ठाऊक होतं आणि काकूंना ठाऊक नव्हतं, आणि फोनमधून त्यांना ते कळू द्यायचं नव्हतं.

मग तिला एकच आशा उरली, आणि ती मनात आली तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. काकांनी चोरून काहीतरी ठेवलेलं असू दे. एखादी गोळी, वडीचा तुकडा, काहीही. पाच आठवडे ज्या खोटेपणावरून तिने त्या माणसाला सोलून काढलं होतं तो खोटेपणा खरा निघावा म्हणून ती आता देवाचा धावा करत होती.

"काकू, त्यांनी कुठेतरी गोड लपवलं असेल. शिलाई मशीनचे खण बघा. खिसे बघा. गादीखाली बघा."

काकू धावल्या. रिसीव्हर टेबलावर पडलेला होता, त्यातून खण ओढल्याचे आवाज येत होते, बॉबिन्स फरशीवर घरंगळत होत्या. कपाट उघडलं, बंद झालं. सिस्टर श्वास धरून ऐकत होती. काकू परत आल्या तेव्हा रडत होत्या.

"काही नाही हो. कुठेच काही नाही. दोरे आणि बटणं आहेत नुसती."

काका खरं बोलत होते. रोज, पाच आठवडे.

सिस्टरने आवाज खाली आणला आणि शेजारी कोण राहतं ते विचारलं. समोर बँकेतून निवृत्त झालेले एकटे गृहस्थ राहत होते, पण दोन महिने त्यांनी कुणाला दार उघडलं नव्हतं, दूधसुद्धा दोरीने वर घेत होते. पहारेकरी तीन मजले खाली, लिफ्ट बंद, आणि काकूंचे गुडघे गेलेले. समोरचं दार वाजवा, सिस्टर म्हणाली, उघडेपर्यंत वाजवा, आणि ओरडून साखर मागा.

काकू गेल्या. आता त्या खोलीत काका आणि फोनमधली सिस्टर दोघंच उरले. तिला पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि मध्येच एक जड, ओढलेला श्वास. लांबून दार बडवल्याचा आवाज येत होता. ती कोठीत उभी राहून फोनमध्ये काकांना हाका मारत होती, काका, झोपू नका, काका, माझ्याशी बोला. काका बोलत नव्हते. दार बडवणं थांबलं, मग परत सुरू झालं. एवढ्या वेळात ती त्या इमारतीच्या चार चकरा मारून आली असती, पण ती चार फूट रुंद खोलीत उभी होती आणि फोनची वायर असावी तशी तिने चार्जरची वायर मनगटाला गुंडाळून घेतली होती.

दार उघडलं ते फटीएवढंच. हे तिला नंतर कळलं. आतून एक हात बाहेर आला, हातात डबा, आणि काकूंच्या ओंजळीत साखर ओतून हात आत गेला. डबा त्यांनी दिला नाही, पण साखर भरपूर दिली.

मग सिस्टर बोलत गेली आणि काकू करत गेल्या. पाठीशी उशा देऊन बसतं करा. पाणी ओतू नका, ठसका लागेल. ओल्या बोटाने साखर गालाच्या आत चोळा, हिरड्यांना चोळा. परत घ्या. परत. गिळलं का? गिळलं. मशीन लावा. एक्केचाळीस. चालू दे, थांबू नका. आता दोन चमचे पाण्यात, घोट घोट. पंधरा मिनिटांनी त्रेसष्ट. आणखी पंधरा मिनिटांनी अठ्ठ्याण्णव. मग फोनमधून एक घोगरा आवाज आला, सगळी गादी कुणी भिजवली म्हणून विचारणारा. सिस्टर पिंपाला टेकून खाली बसली आणि ओठ दाबून रडली, कारण तिचं रडणं पलीकडे जाऊन चालणार नव्हतं.

इन्सुलिनचा जोर संध्याकाळपर्यंत राहणार होता. तिने काकांना पोटभर जेवायला लावलं, दर तासाला आकडा मागितला. अँब्युलन्स अडीच तासांनी आली, तपासून गेली. मधल्या वेळात तिने यादीतल्या पेनवाल्या बाकीच्या अठरा जणांना फोन केले आणि एकच प्रश्न विचारला, सुईची टोपणं किती काढता? सतरा जण दोन म्हणाले. फुलवाली मावशी एक म्हणाली. तिचा डोस सोळावर गेला होता.

डॉक्टरांचा फोन संध्याकाळी आला. डोस परत दहावर आणा, ते म्हणाले. ते दमले होते, बोलताना मध्येच थांबत होते. पेशंटला फार खोलात जाऊन सांगू नका, डोस जास्त झाला होता, कमी केला, एवढं पुरे, नाहीतर सगळे इन्सुलिन सोडून बसतील. सिस्टर बरं म्हणाली. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होतं.

शुक्रवारी सकाळी काकांनीच फोन उचलला. दहा युनिट घेतली होती, दोन्ही टोपणं काढून. आवाज अशक्त होता, पण त्यांचा होता. उपाशीपोटी साखर दोनशे दहा म्हणाले, सकाळी इतकी खाली पाच आठवड्यांत पहिल्यांदाच. सिस्टरने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, डोस जास्त झाला होता, तो कमी केलाय.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," काका म्हणाले. "हिला अजून वाटतं मी काही खाल्लं होतं आणि त्याचंच हे झालं. सकाळपासून परत खण शोधतेय. बोलत नाही माझ्याशी."

सिस्टरला वाटलं होतं, हा माणूस मरता मरता वाचलाय, त्याला त्याची धास्ती असेल. त्याला धास्ती कसली ते आता तिला कळलं. दारापलीकडे नवऱ्याची मीटिंग चालू होती, सासऱ्यांचा टीव्ही बातम्या सांगत होता. तिने पाठ केलेलं वाक्य सोडून दिलं.

"काका, तुम्ही काही खाल्लं नव्हतं. टोपणं दोन असतात. मी एकच सांगितलं. पाच आठवडे औषध तुमच्या अंगात गेलंच नाही, आणि मी डोस वाढवत राहिले आणि तुम्हाला खोटं पाडत राहिले. चूक माझी होती."

 काका हळूच म्हणाले, "बोट लावलं असतं तर कळलं असतं मला. लोखंड आणि प्लास्टिक काय, अंधारात कळतं."

"हो. बोट लावू नका असं मीच म्हटलं होतं."

"हं." काका म्हणाले. तिला वाटलं आता ते चिडतील, आणि चिडले तर बरंच झालं असतं. पण त्यांनी रिसीव्हर तोंडापासून दूर धरून हाक मारली, अगं, ते खण राहू दे, इकडे ये. मग ते परत फोनवर आले.

"सिस्टर, आत्ता म्हणालात ते परत म्हणा. मोठ्याने म्हणा. ती दारात उभी आहे, जवळ येत नाही."

सिस्टर उभी राहिली. तिने आवाज चढवला, अकरा वर्षं जसा चढवत आली होती तसा.

"काकू, काका खोटं बोलले नाहीत. एकदाही नाही. चूक माझी होती."

हॉलमधली मीटिंग थांबली. टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला. पलीकडे काकूंच्या हातातून काहीतरी खाली पडलं.

"आणखी एकदा," काका म्हणाले.

सिस्टरने आणखी एकदा म्हटलं.